टॉवर आणि दहा बाय सोळाचा हॉल

विलंबित एकताल चालला होता. तबलजींनी डग्ग्यावर मनगट दाबत एक मींड घेतली आणि त्या मींडेतल्या एकाच जागी शोकेसमधल्या काचा थरथरल्या. तिच्या खालच्या सुराला नाही, वरच्यालाही नाही. तेवढ्या एका जागी डग्गा रिकाम्या पिंपासारखा घुमला आणि पुढच्या क्षणी पुन्हा माणसात आला. बारा-तेरा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. कमरेच्या वर येणारे दोन काळे खोके घरात येऊन तीन दिवस झाले होते. दुकानात हाच डग्गा ऐकून मी चेक फाडला होता. फोन केला तर दुकानदार म्हणाला, "साहेब, शंभर तास वाजवा, स्पीकर मोकळे होतील." शंभर तास वाजवले. त्यात खालच्या मजल्यावरच्या काकांचा संयम संपला, एवढाच फरक पडला. शेवटी खोक्यांच्या पाठीमागे जे गोल भोक असतं त्यात जुने पायमोजे कोंबले. घुमणं थोडं कमी झालं.

पायमोजे का चालले, हे कळायला पुढे बराच काळ गेला. मधल्या वर्षांत स्वतःचे, मित्रांचे, दुकानांतले पुष्कळ टॉवर ऐकले आणि या विषयात इंजिनिअर मंडळींनी जे लिहून ठेवलंय त्यातलं झेपेल तेवढं वाचलं. आता ओळखीचे लोक फोन करून विचारतात, "टॉवर घेऊ की बुकशेल्फ?" आणि लगेच दोन-चार कंपन्यांची नावं घेतात. मी उलट विचारतो, हॉल किती बाय कितीचा? पलीकडे जी शांतता पसरते, तिच्यात या विषयाचं सगळं दुखणं आहे.

आधी टॉवर म्हणजे काय ते पाहू. आजच्या स्पीकरचा पूर्वज, म्हणजे चुंबकात हलणाऱ्या वेटोळ्याला चिकटवलेला कागदी शंकू, चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये अमेरिकेत मांडला. शंकू हलला की पुढे जी लाट जाते तिच्या नेमकी उलटी लाट मागे जाते, आणि खालच्या सुरांत या दोन लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून खोका. त्या खोक्याचं काय करायचं यावर पुढची पन्नास वर्षं गेली. बेल लॅब्जच्या अल्बर्ट थुरास यांनी खोक्याला मोजून भोक पाडून मागच्या लाटेलाही कामाला लावलं; त्याचं पेटंट १९३२ चं. एडगर व्हिलचर यांनी १९५४ मध्ये उलट खोका घट्ट बंद केला, आतल्या हवेचीच स्प्रिंग केली, आणि एआर-१ नावाच्या लहान खोक्यातून लोकांनी तोवर न ऐकलेला खर्ज काढला. भोकवाल्या खोक्याचं गणित १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी आणि सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी इतकं नीट बसवलं, की आजही कुठल्याही कारखान्यात पहिला कागद त्यांच्याच नावाचा निघतो.

या सगळ्याचं सार केएलएच कंपनीतल्या हॉफमन यांनी एका नियमात सांगितलं. (केएलएचमधला 'एच' तो हाच, विख्यात पियानोवादक योसेफ हॉफमन यांचा मुलगा.) खोल खर्ज, कमी वॅटमध्ये मोठा आवाज, लहान खोका: या तिन्हींपैकी दोनच मिळतात, तिसऱ्यावर पाणी सोडावं लागतं. टॉवर म्हणजे लहान खोक्यावर पाणी सोडणं. पण त्यात एक चलाखी आहे. २० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल आणि ३५ सेंटिमीटर उंच असा एक बुकशेल्फ स्पीकर घ्या; बाहेरून मोजला तर तो २१ लिटरचा भरतो. त्याच रुंदी-खोलीचा मीटरभर उंच टॉवर ६० लिटरचा. आणि जमिनीवर दोघं जागा सारखीच अडवतात, कारण बुकशेल्फला नाव काहीही असलं तरी पुस्तकांच्या फळीवर कोंबायचं नसतं, त्याला स्टँड लागतो. म्हणजे जागा वाचते म्हणून बुकशेल्फ, हा युक्तिवाद पहिल्याच फेरीत बाद.

मग टॉवरच घ्यावा? थांबा. जो खर्ज विकत घ्यायचा, तो आपल्या गाण्यात असतो तरी किती?

काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास येतो. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंच्या तंबोऱ्याचा १०४ च्या. त्यातही गंमत अशी की तंबोऱ्याच्या तारेत तो मूळ सूर तसा दुबळाच असतो. जवारीमुळे ताकद जाते ती वरच्या स्वयंभू स्वरांत, आणि त्यांच्यावरून तळाचा सूर आपला कान स्वतःच रचून घेतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या सुमारास कलकत्त्यात जवारीचा आणि तबल्या-मृदंगाच्या शाईचा अभ्यास केला होता तो याच कोड्यांसाठी. तीन इंची स्पीकरच्या ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी ऐकून आपल्या आधीच्या पिढीला तंबोऱ्याचा खर्ज ऐकल्याचं समाधान मिळत होतं, ते काही भाबडेपण नव्हतं. खऱ्या अर्थानं तळाचा सूर लागतो डग्ग्याला आणि पखवाजाला, तोही शंभर हर्ट्झच्या खाली-वर. ख्याल, ठुमरी, अभंग, भावगीत एवढंच ऐकणाऱ्याला ५० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरणारा स्पीकर पुरून उरतो, आणि तिथवर चांगला बुकशेल्फही पोचतो.

ज्यांचा जीव बालगंधर्व आणि अब्दुल करीम खाँ यांच्या ७८ च्या तबकड्यांत अडकलाय त्यांना तर याहून कमी. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण कर्ण्यातून व्हायचं, त्यात खर्ज शिरतच नसे. मायक्रोफोन आल्यावर सुधारणा झाली, तरी त्या तबकड्यांच्या तळाशी आहे ती मुख्यतः घरघर. टॉवर ती घरघर इमानानं मोठी करून देतो. जाझमधल्या डबल बासचा तळ मात्र ४१ हर्ट्झचा, पियानोचा साडेसत्तावीसचा, आणि गेल्या तीसेक वर्षांतल्या हिंदी-मराठी चित्रपटगीतांत सिंथेसायझर वाटेल तेवढा खाली उतरतो. हे ऐकणाऱ्यांनी टॉवरचा विचार जरूर करावा. घरात तिन्ही पिढ्या असतील तर तिन्हींच्या आवडीची बेरीज करून मग करावा.

आता हॉल.

आवाजाची लाट समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अडकली की ठरावीक सुरांना खोली स्वतःच गाऊ लागते. हिशेब सोपा आहे: आवाजाचा वेग सेकंदाला ३४४ मीटर, त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीनं भागायचं. माझा हॉल १० बाय १६ फुटांचा, छत साडेनऊ फुटांवर. सोळा फुटांचा पहिला सूर ३५ हर्ट्झ, त्याची दुप्पट ७०. दहा फुटांचा ५६, छताचा ५९. हे आकडे पहिल्यांदा कागदावर मांडले त्या रात्री त्या काचांचं रहस्य उलगडलं. डग्ग्याची मींड सत्तरवरून जात होती, आणि सत्तर हा माझ्या हॉलचा स्वतःचा सूर होता. काळी एकच्या खर्जाला जवळजवळ चिकटलेला! हॉलची लांबी वेगळी असती तर काचा दुसऱ्याच सुराला थरथरल्या असत्या. टॉवरनं काही पाप केलं नव्हतं. बुकशेल्फ त्या सुरात कमी जोर लावतो, म्हणून हॉल तेवढा खवळत नाही, एवढंच. पायमोज्यांनी केलं तेही इतकंच: भोक बुजलं, तळाचा जोर उतरला, हॉलला मिळणारा खाऊ कमी झाला.

आपल्या इमारतींत हे दुखणं अधिक, कारण भिंती वीट-काँक्रिटच्या, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर स्लॅब. खर्जाला बाहेर पडायला फट नाही. पडदे आणि सतरंज्या वरच्या सुरांतला खणखणाट शोषतात, सत्तर हर्ट्झच्या पाच मीटर लांबीच्या लाटेला त्यांचा पत्ताही लागत नाही. सगळ्यात वाईट खोली म्हणजे १० बाय १०. तिथे लांबी-रुंदीचे दोन्ही सूर ५६ वर एकमेकांच्या डोक्यावर बसतात. अशा खोलीत टॉवर ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, फुकट मिळाला तरी.

आणि सोफा! आपल्याकडे सोफा भिंतीला टेकलेला नसेल तर पाहुण्यांना घर आवरलेलं वाटत नाही. पण भिंतीशी खोलीचा प्रत्येक सूर सगळ्यात फुगलेला असतो. मी सोफा मागच्या भिंतीपासून अडीच फूट पुढे ओढला, त्या सत्तरच्या सुराचा फुगवटा जवळपास निम्म्यावर आला. चार फूट ओढता आला असता, म्हणजे लांबीच्या चौथ्या हिश्श्यावर, तर तो सूर जवळजवळ नाहीसाच झाला असता. पण मग स्वयंपाकघरात जायला वाट उरली नसती. हा उपाय फुकट आहे आणि शंभर तास वाजवण्यापेक्षा लवकर लागू पडतो.

स्पीकर आणि त्याच्या पाठची भिंत यांचंही असंच एक भांडण आहे. शंकू भिंतीपासून मीटरभर दूर असला तर भिंतीवरून परतणारी लाट ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ लाटेला मारते, म्हणजे नेमका डग्ग्याच्या पोटात खड्डा. अर्ध्या मीटरवर आणला तर खड्डा १७२ वर सरकतो आणि खालचे सूर मात्र भिंतीच्या आधारानं फुगतात. शोरूममध्ये टॉवर भिंतींपासून ऐसपैस दूर उभे असतात, खोलीही मोठी असते. घरी आपण ते टीव्हीच्या दोन बाजूंना, भिंतीला वीतभर अंतर ठेवून उभे करतो आणि मग म्हणतो, दुकानात वेगळंच वाजत होतं. वेगळंच वाजत होतं, खरं आहे.

बैठकीचा मुद्दा परदेशी परीक्षणांत सापडणार नाही, म्हणून तो इथे. टॉवरचा ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, साधारण ९० सेंटिमीटर ते एक मीटर उंचीवर असतो, म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीला. गाणं ऐकायचं तर खाली गादी आणि पाठीला लोड, अशी सवय असलेल्यांचा कान त्याच्या पुष्कळ खाली येतो. दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास, जिथे काम मधल्या शंकूकडून ट्वीटरकडे जातं, तिथे या तिरक्या कोनामुळे दोघांचं जमेनासं होतं. गायकाचा आवाज किंचित दूर गेल्यासारखा, मिटल्यासारखा वाटतो. टॉवरच्या मागच्या पायांखाली पाऊण इंचाच्या चकत्या सरकवून तो पुढे झुकवला तर फरक कळतो. स्टँडवरच्या लहान स्पीकरला बुटका स्टँड घेतला की झालं. माझे एक स्नेही झोपाळ्यावर बसून ऐकतात. त्यांना सल्ला देणं मी सोडून दिलंय.

या विषयातलं माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांचं. टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत, पुढे दोघांनी अमेरिकेत हार्मन कंपनीत, श्रोत्यांना पडद्याआड बसवून स्पीकर ऐकवले. निष्कर्ष असा, की स्पीकर दिसत नसला तर बहुतेकांची आवड आश्चर्य वाटावं इतकी जुळते: समोरून सपाट, आणि बाजूंनाही उतरत्या पण गुळगुळीत रेषेत आवाज टाकणारा स्पीकर लोकांना आवडतो. त्यातून पुढे ७० कोनांतून स्पीकर मोजायची पद्धत आली, जिचे आलेख आता कित्येक मॉडेलांसाठी कुणालाही पाहता येतात. ऑलिव्ह यांचा १९९४ चा एक प्रयोग तर टॉवरच्या खरेदीला निघालेल्या प्रत्येकानं खिशात ठेवावा असा. कंपनीच्याच ४० कर्मचाऱ्यांनी तेच स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा उघड्यावर ऐकले. पडद्याआड बरे गुण मिळवलेला लहानखुरा, स्वस्त संच डोळ्यांना दिसताच खाली घसरला. मोठे, देखणे खोके वर चढले. आणि पडद्याआड असताना खोलीतली जागा बदलली की गुण बदलत होते. डोळे उघडे असताना लोकांना जागेचा फरक जाणवेनासा झाला. म्हणजे उंच खोका दिसला की आपण हॉल ऐकणंच बंद करतो. मी दुकानात चेक फाडला तेव्हा माझे कान किती आणि डोळे किती होते, हे आता कसं सांगावं?

टूल यांचं दुसरं म्हणणं असं, की दोनशे-तीनशे हर्ट्झच्या वर स्पीकरचं राज्य असतं, खाली खोलीचं. माझ्या हॉलचा हिशेब केला तर ही सीमा दोनशेच्या जवळपास पडते. टॉवरसाठी जे जास्तीचे पैसे मोजतो ते मुख्यतः या सीमेच्या खालचे, म्हणजे जिथे आपली सत्ता नाही त्या मुलखातले. याला टॉवरप्रेमींचं एक उत्तर आहे आणि ते खोटं नाही: चांगल्या तीन-मार्गी टॉवरमध्ये खर्जाचं ओझं वेगळ्या शंकूंवर गेल्यामुळे मधला शंकू गाण्यासाठी मोकळा राहतो, मोठ्या आवाजातही गळा आवळल्यासारखा वाटत नाही. मोठ्या खोलीत, मोठ्या आवाजात हा फरक मीही ऐकलाय. पण नाव 'टॉवर' आणि आत बुकशेल्फचेच दोन शंकू, वर रिकामी उंची, असेही पुष्कळ आहेत. म्हणून बाजूच्या फळीवर बोटाचं पेर वाजवून पाहावं, कुंभाराकडे मडकं पाहतो तसं. फरक इतकाच की मडकं वाजावं लागतं आणि इथे खोका जितका मुका तितका चांगला.

वॅटबद्दल थोडक्यात. ८७ डेसिबल संवेदनशीलतेची जोडी, ऐकणारा तीन मीटरवर. घरातल्या भिंतींची मदत धरून प्रत्येकी एका वॅटला ८४ डेसिबलच्या आसपास आवाज कानापर्यंत येतो. निवांत ऐकताना सरासरी ७५ पुरेसा होतो, म्हणजे वॅटचा आठवा हिस्सा. तबल्याच्या थापेसाठी त्याच्या शंभरपट राखीव ठेवली तरी साडेबारा वॅट. पेटीवर छापलेले २०० वॅट कशासाठी असतात ते छापणाऱ्याला माहीत. त्यापेक्षा स्पीकरचा ओहम किती खाली उतरतो ते पाहावं. काही टॉवर नावाला आठ ओहमचे असतात आणि खर्जात तीन-साडेतीनवर येतात, तिथे स्वस्त अॅम्प्लिफायरला धाप लागते.

शिवाय आपण वाजवतो किती? रात्री दहानंतर निवासी भागासाठी कायद्याची मर्यादा ४५ डेसिबलची आहे, आणि खालचे काका कायद्यापेक्षा कडक. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं, की आवाज लहान केला की कान सगळ्यात आधी खर्ज सोडून देतो. रात्री साडेदहाला हळू आवाजात लावलेला टॉवर आणि बुकशेल्फ यांच्यात जो खर्जाचा फरक आपण विकत घेतला, तो कानापर्यंत येतच नाही. भिंतीतून खाली मात्र जातो. जुन्या अॅम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं ते यासाठीच. शुद्धतावाद्यांनी ते हद्दपार केलं. माझ्या मते चूक केली.

तिसरा रस्ता लहान स्पीकर आणि वेगळा सबवूफर. गमतीची गोष्ट अशी की तत्त्वतः हाच सर्वांत शहाणपणाचा. गाण्यासाठी स्पीकर जिथे उभे राहायला हवेत आणि खर्ज जिथून सम पसरतो त्या जागा क्वचितच एक असतात. टॉवर दोन्ही एकाच खुंटीला बांधतो, सबवूफर सोडवतो. पण तो नीट जुळवायला चिकाटी लागते आणि चुकीचा लावला तर लग्नातल्या डीजेची आठवण येते. हल्ली मायक्रोफोन लावून खोली मोजणारे अॅम्प्लिफायर मिळतात. फुगलेले सूर ते छान कापतात. खड्डे मात्र त्यांना बुजवता येत नाहीत, तिथे सोफाच हलवावा लागतो.

बाजाराचं चित्र सरळ आहे. लॅमिंग्टन रोडला किंवा पासोड्या विठोबापाशी फेरी मारली तर स्वस्तात खूप उंची मिळते, तिच्यापासून सावध. इंग्लंड, डेन्मार्क, अमेरिकेच्या जुन्या कंपन्यांचे टॉवर पन्नासेक हजारांपासून कित्येक लाखांपर्यंत जातात. आपल्याकडेही कोलकात्याची सोनोडाइन, पुण्याची केडन्स, कोचीची रेथम यांनी स्वतःच्या बुद्धीचे स्पीकर केले आहेत, आणि ते ऐकल्याशिवाय परदेशी पेटीला हात लावू नये. जुना माल घेणाऱ्यांनी शंकूभोवतीची कड बोटानं हलकेच दाबून पाहावी. फोमची असेल तर आपल्या दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत तिचा चुरा होतो, रबराची टिकते. खाली दिलेले टोकदार खिळे टाइल्सवर ओरखडे काढतात, प्रत्येकाखाली एकेक नाणं ठेवावं. आणि मागच्या भोकाला जाळी लावावी. पालीला ती जागा फार आवडते.

माझ्या टॉवरचं पुढे असं झालं. भाच्यानं वाईजवळ आजोबांचं घर दुरुस्त करून घेतलं. कौलारू छप्पर, लाकडी पोटमाळा, तीस फूट लांब सोपा, दोन दारं कायम उघडी. मी जोडी त्याला देऊन टाकली आणि माझ्या हॉलात स्टँडवर दोन लहान खोके आणले. दिवाळीत गेलो तेव्हा त्यानं तेच रेकॉर्डिंग लावलं. मी सवयीनं त्या मींडेची वाट पाहत अंग आखडून बसलो. मींड आली, सत्तरवरून सरळ खाली उतरली, कौलांतून बाहेर गेली.

निघताना भाचेसूनबाईंनी चिवड्याच्या डब्याबरोबर एक पुडी हातात दिली. भोकांत सापडलेले पायमोजे होते, धुऊन घडी घातलेले.